पतंग धरणारी

पाण्यावरून परत यायचं झालं की सर एक हात दांडीवरून मोकळा करायचे आणि स्वतःच्या डोक्यावर दोनदा थोपटायचे. पतंगाच्या जोरावर पाण्यावरून धावणाऱ्या सगळ्यांची ही खूण. मी येतोय, माझा पतंग कुणीतरी धरा, एवढाच तिचा अर्थ. या खाडीवर धरायला वहिनी असायच्या. हे इतकं गृहीत होतं की सर काठाकडे नीट बघायचेसुद्धा नाहीत. आपण डोक्यावर थोपटायचं आणि पतंग खाली आणायचा, पुढचं वहिनी बघतील.

हा पतंग म्हणजे कागद-काड्यांचा नव्हे. खोलीच्या भिंतीएवढं कापड, त्याच्या पुढच्या कडेला पंपाने हवा भरून टणक केलेली जाड नळी, आणि तिथून निघालेल्या लांबच लांब दोऱ्या माणसाच्या कमरपट्ट्याला अडकवलेल्या. हातात त्या दोऱ्या ओढायची आडवी दांडी. पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो, आणि माणूस पाण्यावरून सुसाट सुटतो. बाहेर समुद्र कितीही खवळलेला असो, मध्ये वाळूचा दांडा आडवा पसरलाय, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी साठलेलं हे तळं परातीतल्या पाण्यासारखं सपाट. भरतीला ते भरतं आणि ओहोटीला त्याचा चिखल होतो. खेळायला मिळतात ते भरतीच्या अलीकडचे-पलीकडचे काही तास, आणि नेमक्या त्याच वेळी काठाची वाळू आक्रसून जेमतेम एक पट्टा उरतो. त्यामागे दगडी बांध, बांधावर लोखंडी कठडा. उतरणारा पतंग कुणी धरला नाही, तर तो कठड्यावर जाऊन फाटायचा आणि त्याच्यामागोमाग माणूस दगडांवर आपटायचा. म्हणून इथे एक नियम होता. हवेत एकही पतंग असेपर्यंत काठ सोडून कुणी जायचं नाही.

लग्नानंतर दोघं इथे आले तेव्हा दोघंही पाण्यात उतरायचे. पण दोघांतल्या एकाला वाळूवर थांबावंच लागतं. आधी पाळीपाळीने थांबले. मग सरांची शाळा नावारूपाला आली, शिकायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि पाळी वहिनींपाशी येऊन थांबली ती थांबलीच. कुणी ठरवलं नव्हतं. असल्या गोष्टी कुणी ठरवत नसतंच. वहिनींनी बांधामागच्या शेडमध्ये शिवणयंत्र टाकलं आणि फाटलेले पतंग दुरुस्त करायला घेतले. सरांची बायको म्हणून शिकणारे त्यांना वहिनी म्हणू लागले, पुढे सगळा काठच म्हणू लागला. सर घर सोडून गेले, तरी वहिनी त्या वहिनीच राहिल्या. त्यांना दुसरं काय म्हणायचं, हे कुणालाच सुचलं नाही.

सर गेले ते एका दातांच्या डॉक्टरणीकडे. "दाढ दाखवायला गेला आणि दाढेसकट तिथेच राहिला," असं वहिनींचा भाऊ म्हणायचा. भाऊ दूरच्या शहरात राहायचा, रोज फोन करायचा, आणि पाण्याला इतका भ्यायचा की बहिणीकडे आला तरी बांधाच्या खाली उतरायचा नाही. त्याच्या त्या वाक्यावर वहिनी पहिल्यांदा हसल्या होत्या. नंतर त्यांनी त्याला सांगितलं, की हे परत म्हणू नकोस.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी वहिनींखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. खुद्द सरांनाही नाही. सरांचा पतंग उतरवण्यात हातखंडा आहे अशी त्यांची ख्याती होती. 'सर पतंग उतरवत नाहीत, हातात आणून देतात,' असं लोक म्हणायचे, आणि सर ते खोटं ठरवायचे नाहीत. पण खूप वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा निखळला होता. तो बसवला, बरा झाला, तरी दांडी शेवटपर्यंत ओढायची ताकद त्या हातात परत आली नाही. त्यामुळे त्यांचा पतंग वाऱ्याच्या कडेला, जिथे वाऱ्याची ओढ संपते तिथे, पूर्ण पोचायच्या आधीच खाली यायचा, अंगात जोर असतानाच. वहिनींनी ते पहिल्याच खेपेला ओळखलं. त्या नेहमीच्या जागेपेक्षा पाऊलभर वाऱ्याखाली, म्हणजे वारा वाहतो त्या दिशेला, सरकून उभ्या राहिल्या, गुडघे वाकवले आणि पतंग छातीवर घेतला. तेव्हापासून रोज तसंच. सरांना वाटायचं, आपण हातात आणून दिला. वहिनींनी त्यांना वाटू दिलं. संसारात असं पाऊलभर सरकून उभं राहणं किती चालतं ते बघणाऱ्याला दिसत नाही, आणि ज्याच्यासाठी सरकायचं त्याला तर मुळीच दिसत नाही.

सरांचा फोन आला तेव्हा वहिनी यंत्रावर होत्या.

"रविवारी येतोय. भरती दुपारची आहे ना? जरा काम आहे तुझ्याकडे."

"ये की," एवढंच त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी तीच शिवण दुसऱ्यांदा मारली, आणि मग ती उसवत बसल्या.

सरांचा जुना निळा पतंग शेडच्या आढ्याला तसाच लटकत होता. जाताना त्यांनी तो नेला नव्हता, आणि त्या एका गोष्टीवर वहिनींनी बरंच काही रचलं होतं. माणूस कायमचा जातो तेव्हा पतंग मागे ठेवून जाईल का? त्यांनी तो खाली उतरवला. मधला कापडाचा पट्टा विरला होता, तो बदलला. नळीत हवा भरून साबणाचं पाणी लावलं. जिथे बुडबुडे आले तिथे ठिगळ चिकटवलं, आणि परत पाणी लावून खात्री केली. दोऱ्या धुऊन वाळवल्या.

"काम आहे म्हणाला ना, मग काम असेल," भाऊ फोनवर म्हणाला. "उगाच हवेत इमले बांधू नकोस."

"मी कुठे काय बांधतेय?" वहिनी म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या हातात त्याच पतंगाची दोरी होती.

रविवारी वारा सुरेख होता. तळं काठोकाठ भरत आलं होतं. शाळा बंद पडल्यापासून काठावर मात्र दुसरं कुणी फिरकत नव्हतं. बांधावर गाडी थांबली, सर उतरले, आणि दुसऱ्या बाजूचं दारही उघडलं. डॉक्टरीण खाली उतरली. चाळिशीची, बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले. बूट घालून वाळूवर चालायची तिला सवय नव्हती, हे तिच्या पावलांवरून कळत होतं.

"कशी आहेस?" सरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गाडीतून एक नवाकोरा पतंग काढला. लाल होता. "अगं, काम असं आहे, की हिला पतंग धरायला शिकवायचंय. आम्ही पलीकडच्या खाडीवर शाळा काढतोय. तिकडे आम्ही दोघंच असणार. मी हिला समजावून पाहिलं, पण मला ते सांगता येत नाही. मी कधी कुणाचा पतंग धरलाय?"

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. पहिली काही वर्षं याच पट्ट्यावर, याच माणसाने, त्यांचा पतंग धरला होता. त्या डोक्यावर थोपटायच्या आणि हा हसत हसत पाण्यात धावत यायचा, गरज नसताना. ते त्याच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं.

"तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही गं," सर म्हणाले. माणसाने निर्लज्ज असावं, पण त्याला काही माप? दुसरी कुणी असती तर तिने हातातला पंप फेकून मारला असता. वहिनींनी पंप पुढे केला आणि म्हणाल्या, "भरून घे. पाणी थांबणार नाही."

सर पाण्यात गेले. वाळूवर दोघी उरल्या.

"ताई, मी त्याला म्हटलं होतं, असं नको," डॉक्टरीण खाली बघत म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून शिकते म्हटलं. तो ऐकत नाही."

"तुम्ही आधी नीट उभ्या राहा," वहिनी म्हणाल्या. "वाऱ्याला खांदा द्या. पाठ नाही, खांदा. दोऱ्यांच्या मध्ये कधीही जायचं नाही, काही झालं तरी. पतंग दिसला की धावत सुटायचं नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. ही जाड नळी मधोमध धरायची, दोन्ही हातांनी. एकदा धरला की सोडायचा नाही. तो दोन पावलं पुढे येईल, दोऱ्या ढिल्या पडतील, मग उलटा करून वर वाळू टाकायची."

डॉक्टरणीने सगळं मन लावून ऐकलं, हात तसे धरून दाखवले. वहिनींनी तिला पुस्तकात दाखवतात त्या जागेवर उभं केलं. त्या बोलल्या त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एक वाक्य त्यांनी गाळलं होतं. नंतर सांगू, आधी पायाचं शिकू दे, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं, पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही. त्यांना हवं होतं ते वेगळंच. एकदा, फक्त एकदा, पतंग हुकावा आणि या माणसाला कळावं, की तो आजवर आपोआप हातात येत नव्हता. त्याने वाळूवर उभं राहून म्हणावं, तुझ्यावाचून होत नाही. मग बाकीचं काय ते बघता आलं असतं.

सरांनी डोक्यावर थोपटलं. लाल पतंग झुकत झुकत खाली आला आणि ठरल्यासारखा आधीच उतरला. डॉक्टरीण सांगितलेल्या जागी हात पसरून उभी होती. पतंग तिच्यापासून हातभर अंतरावरून निसटला, त्यात वारा भरला, आणि सर पाण्यातून उपटल्यासारखे वाळूवर आले. पायांनी वाळू उकरत ते बांधाकडे ओढले जाऊ लागले. वहिनी धावल्या. त्यांनी नळीवर अंग झोकून दिलं, गुडघे वाळूत घासत गेले, आणि पतंग कठड्याच्या अगदी जवळ येऊन थांबला.

सर उठून बसले. तळहात सोलवटले होते. चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मग तो लाल झाला.

"कुठे बघत होतीस?" ते डॉक्टरणीवर ओरडले. "हातात आणून दिला होता! एवढंसुद्धा जमत नाही?"

"मी तिथेच उभी होते," डॉक्टरीण म्हणाली. दिवसभर लोकांच्या तोंडात सुया-पकडी घालणारे तिचे हात अजून तसेच पसरलेले होते.

सर वहिनींकडे वळले. "तूच सांग हिला. इतक्या वर्षांत एकदा तरी असं झालं का?"

वहिनी वाट बघत होत्या. आता म्हणेल, असं त्यांना खरंच वाटत होतं.

"नाही झालं," त्या म्हणाल्या.

"मग? हिला परत एकदा नीट शिकव. अजून पाणी आहे."

बस्स, एवढंच. आपल्यावाचून त्याचं अडत नव्हतं. त्याला फक्त ती जागा भरून हवी होती, आणि त्या जागेवर कोण उभं आहे हे त्याने पूर्वीही कधी पाहिलं नव्हतं. वहिनींना रडू आलं नाही. आत काहीतरी इतकं दुखलं की रडण्याचं सुचलंच नाही. कठडा त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होता, त्याची गंजलेली टोकं त्यांना दिसत होती. पलीकडच्या खाडीवरही असा एखादा बांध असेल. तिथे हा डोक्यावर थोपटेल, ही बाई पुस्तकातल्या जागेवर उभी असेल, आणि झोकून द्यायला वहिनी नसतील.

सर दोऱ्या सोडवायला गेले, तेव्हा वहिनींनी डॉक्टरणीला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"ऐक," त्या म्हणाल्या. तुम्ही-बिम्ही केव्हाच गळून पडलं होतं. "तुझं चुकलं नाही. माझं चुकलं, मी सांगितलं नाही. त्याचा उजवा खांदा निखळला होता. त्या हाताने दांडी पुरती ओढली जात नाही, म्हणून पतंग आधीच पडतो. तू तिथे नाही, इथे उभी राहा, वाऱ्याखाली. हलका येत नाही तो, जोर असतो त्यात. गुडघे वाकव आणि छातीवर घे. ढग आले की त्याला घाई होते, तेव्हा अजून थोडी खाली सरक. आणि त्याने डोक्यावर थोपटलं की लगेच जागेवर जा, तो बघत नाही."

डॉक्टरीण त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "त्याला माहीत आहे हे?"

"नाही."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"त्याला आवडलं नसतं. तूही सांगू नकोस."

"दुखतो का अजून खांदा?"

"थंडीत दुखतो. त्या कुशीवर झोपला की..." वहिनी थांबल्या. "ते तुला आता माहीत असेल."

डॉक्टरणीने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तिचे डोळे भरले होते. हिला शिव्या घालता आल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं वहिनींच्या मनात आलं.

दुसऱ्या खेपेला सरांनी डोक्यावर थोपटलं, तशी डॉक्टरीण वाऱ्याखाली सरकली. गुडघे वाकवून उभी राहिली. पतंग आला आणि तिच्या छातीवर विसावला, जसा इतकी वर्षं दुसऱ्या छातीवर विसावत आला होता. सर खूश होऊन हसत वाळूवर आले.

"बघ! मी आणतोच हातात. धरणाऱ्याने नुसतं उभं राहायचं असतं."

हे वाक्य वहिनींच्या ओळखीचं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना त्याचा अभिमान वाटला होता. त्या वळल्या आणि शेडमध्ये गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर निळा पतंग होता, कमरेला जुना पट्टा. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल करावा लागला होता.

"आता? तू?" सरांनी विचारलं. "थोड्या वेळात पाणी उतरायला लागेल." जुन्या पतंगाकडे त्यांनी पाहिलं, पण तो आपला आहे हे काही त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. त्यांनी लाल पतंगाची घडी काखेत मारली. "चल, निघतो आम्ही. उपकार झाले हं, वहिनी!"

सगळे म्हणतात म्हणून ते चेष्टेने म्हणाले असतील. वहिनी मात्र जागच्या जागी थिजल्या. या काठावर वहिनी न म्हणणारा तो एकच माणूस होता.

सर बांध चढून गाडीकडे गेले. डॉक्टरीण मागे रेंगाळली. तिने न सांगता निळा पतंग उचलून धरला, वहिनी दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. वहिनींनी 'सोड' म्हणून अंगठा दाखवायच्या आधी डॉक्टरणीने वाऱ्यातून ओरडून विचारलं, "ताई, तुम्हाला कोण धरणार?"

हे विचारावं असं वाटलं तेही तिलाच.

"माझा भाऊ येतोय," वहिनी ओरडल्या. "निघालाय. जा तुम्ही."

डॉक्टरणीचा जीव भांड्यात पडला. तिने पतंग सोडला. तो डगमगला, सावरला आणि वर चढला. वहिनींना फळीवर उभं राहायला दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं. पाठीमागे बांधावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग वाऱ्याखेरीज काही ऐकू येईना.

पाय सगळं विसरले असतील असं त्यांना वाटलं होतं, पण पाय विसरले नव्हते. सपाट पाण्यावरून फळी सळसळत निघाली. वाळूच्या दांड्यापर्यंत गेल्या, तिथे वळल्या, परत निघाल्या. पलीकडे लाटा फुटत होत्या, त्यांचे तुषार वरून उडून येत होते. तिथे मग वहिनी रडल्या. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. पाण्यावर रडण्याची एक सोय असते, तोंड नाहीतरी ओलंच असतं. रडता रडता त्यांना हेही जाणवत होतं की पतंग छान ओढतोय, ठिगळ धरलंय, नवा कापडी पट्टा बरोबर ताणला गेलाय. काम चोख झालं होतं. ते कुणासाठी केलं होतं ते आठवलं, की पुन्हा भरून यायचं.

पाणी उतरू लागलं. काठाशी चिखलाची तपकिरी कड दिसायला लागली, तेव्हा परतणं भाग होतं. वाळूचा पट्टा जवळ आला तसा वहिनींचा एक हात दांडीवरून सुटला आणि डोक्यावर गेला. दोनदा थोपटून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय केलं.

वाळूवर कुणी नव्हतं. बांधावर गाडी नव्हती. काठ सोडून जायचं नाही हा नियम आज मोडला होता, आणि तो वहिनींनीच मोडायला लावला होता.

नवशिक्यांना दाखवायच्या तसं त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून कमरेपाशी असलेली सुटकेची कडी ढकलली. दोऱ्यांतला जीव गेला. निळा पतंग हवेतच मऊ पडला, पाण्यावर आपटला आणि ओहोटीबरोबर हळूहळू खाडीच्या तोंडाकडे निघाला. वहिनी दोऱ्या गुंडाळत गुंडाळत त्याच्या मागे चालत गेल्या. त्याच्यापाशी पोचल्यावर त्यांनी जाड नळी मधोमध धरली, दोन्ही हातांनी, आणि गुडघे वाकवून ती छातीवर घेतली.

एकदा धरला की सोडायचा नाही, असं मघाशी त्यांनीच सांगितलं होतं. पाणी घोट्याच्या खाली गेलं, आजूबाजूला चिखल उघडा पडला, तरी त्या तो धरून तशाच उभ्या होत्या.